कार डिटेलिंगचा धंदा: आधी तास मोजा, मग बोर्ड रंगवा

डिटेलिंग, म्हणजे गाडीची आतून-बाहेरून बारकाईने सफाई आणि पॉलिश, सुरू करणाऱ्या बहुतेक मुलांचा क्रम ठरलेला असतो. आधी गाळा भाड्याने घ्यायचा, मग मोठं मशीन आणायचं, मग चौकातल्या दुसऱ्या दुकानाचा बोर्ड बघून त्यापेक्षा शंभर-दोनशे कमी दर लावायचा. चार-सहा महिन्यांत हातात काम भरपूर असतं, गाड्या रांगेत असतात, आणि भाड्याच्या तारखेला मात्र कुणाकडून तरी उसने घ्यावे लागतात. गेल्या काही वर्षांत पिंपरी-चिंचवड भागात अशी दुकानं उघडताना आणि बंद होताना मी पाहिली आहेत. त्या मुलांचे हात वाईट नव्हते. त्यांचा क्रम उलटा होता. म्हणून इथे सगळं करायच्या क्रमाने लिहितो आहे. मधला टप्पा गाळू नका.

टप्पा १: दुकानाआधी हात बसवा

पहिल्या दहा-बारा गाड्या घरच्या आणि ओळखीच्या घ्या. काकांची डिझायर, मित्राची स्विफ्ट, शेजारच्या दादांची एर्टिगा. मजुरी घेऊ नका, पण शॅम्पू, कपडे, केमिकलचा खर्च मात्र मागून घ्या. फुकट केलेल्या कामात माणूस चुका सांगत नाही. दोनशे रुपये दिलेला माणूस "दरवाजाच्या कडेला धूळ राहिली बघ" असं सांगतो, आणि तेच आपल्याला ऐकायचं असतं.

सुरुवात आतल्या साफसफाईपासून करा. त्याला भांडवल कमी लागतं, गिऱ्हाइकाच्या पार्किंगमध्ये करता येतं आणि चूक झाली तर बहुतेक वेळा सुधारता येते. पॉलिशिंगमध्ये तसं नाही. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ३५ ते ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. तो एकदा घासून गेला की परत आणता येत नाही, पूर्ण पॅनेल रंगवून द्यावं लागतं. मशीन शिकायचं असेल तर भंगारवाल्याकडून जुनं बॉनेट आणा आणि त्याच्यावर महिनाभर हात चालवा.

टप्पा २: वेळेची वही

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि सगळ्यात जास्त वेळा वगळला जातो तोही हाच. प्रत्येक गाडीला वहीचं एक पान द्या आणि घड्याळ बघून लिहा. माझ्या वहीतलं एका एर्टिगाचं पान असं आहे:

सामान काढणं-मांडणं, शेवटी आवरणं: ४० मिनिटं
व्हॅक्यूम: ५५ मिनिटं
सीट (तिन्ही रांगा): २ तास ५ मिनिटं
डॅशबोर्ड, दरवाजे, कडा: १ तास १० मिनिटं
डिकी आणि चटया: ३५ मिनिटं
छत: २५ मिनिटं
काचा आतून: २० मिनिटं
गाडी बघणं, दाखवणं, बोलणं: २० मिनिटं

एकूण साडेसहा तास. यातला पूर्ण एक तास हातात कपडासुद्धा नव्हता. सामान मांडण्यात आणि बोलण्यात तो गेला. त्या गाडीचे मी १,५०० रुपये घेतले होते, कारण जवळच्या एका दुकानाच्या बोर्डावर तेवढे लिहिले होते. त्या दुकानात दोन मुलं तीन तासांत गाडी मोकळी करत होती आणि तिसऱ्या रांगेखाली कुणी वाकून बघत नव्हतं. दर त्यांचा आणि काम माझं, हा हिशोब कधीच जुळणार नव्हता.

तपासणी: वहीत किमान पंधरा पानं होईपर्यंत रेटकार्ड छापू नका. हॅचबॅक, सेडान, छोटी एसयूव्ही आणि सात सीटची गाडी, प्रत्येकाची निदान तीन पानं हवीत.

टप्पा ३: सामान

आतल्या कामासाठी ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम, मऊ आणि मध्यम ब्रश, ऑल पर्पज क्लीनर, स्प्रे बाटल्या आणि भरपूर मायक्रोफायबर कपडे एवढं पुरतं. बाहेरच्या कामाला प्रेशर वॉशर, फोम गन, तळाशी जाळी असलेल्या दोन बादल्या, न्यूट्रल पीएचचा (आम्लही नाही, अल्कधर्मीही नाही असा) शॅम्पू, धुण्याचा मऊ मिट (हातमोजा), क्ले बार (रंगात रुतलेले कण ओढून काढणारी मातीसारखी वडी) आणि आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारं केमिकल). पॉलिशिंगसाठी पहिलं मशीन डीए, म्हणजे ड्युअल अॅक्शन घ्या, ज्याचं पॅड फिरता फिरता हलतंही. रोटरी, म्हणजे पॅड नुसतं जागच्या जागी गोल फिरवणारं मशीन, थर जास्त वेगाने कापतं, पण एका जागी दोन सेकंद जास्त थांबलं तरी रंग तापतो.

पैसे कुठे घालायचे हे सांगायचं तर, मशीनपेक्षा कपड्यांवर. काळ्या गाडीवर दिसणारे गोल-गोल बारीक ओरखडे बहुतेक वेळा धुण्या-पुसण्यातूनच येतात. पुसायला ३०० ते ४०० जीएसएमचे (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कपड्याचं ग्रॅममधलं वजन) आणि गाडी सुकवायला ८०० च्या वरचे जाड कपडे ठेवा. रंगाचे, चाकांचे आणि आतले कपडे वेगळ्या रंगाचे घ्या, म्हणजे घाईत अदलाबदल होणार नाही. धुताना सुती कपड्यांत मिसळू नका आणि फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याने कपड्याची पाणी शोषण्याची ताकद जाते.

सावधान: खाली पडलेला कपडा रंगावर परत लावायचा नाही. झटकून चालत नाही. तो धुण्याच्या ढिगात गेला पाहिजे. हेल्परला पहिल्या दिवशी सांगायची पहिली गोष्ट ही.

टप्पा ४: पाणी, वीज, जागा

गाळा ठरवण्याआधी तिथलं पाणी बघा. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, आणि उन्हात ते सुकलं की काचेवर आणि रंगावर पांढरे ठिपके उमटतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांना मिळतो, जागा बघायला जाताना तो खिशात ठेवा. आकडा जास्त आला तर शेवटचं धुणं आरओच्या किंवा वॉटर सॉफ्टनरच्या (पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्राच्या) पाण्याने करावं लागेल, आणि तो खर्च दरात धरावा लागेल. उन्हाळ्यात टंचाई असली की पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर महापालिका बंधनं घालतात, त्यामुळे नळाच्या पाण्यावर धंदा उभा करू नका. धुतलेलं पाणी कुठे जाणार, गाळ-तेल अडवणारा खड्डा करता येईल का, हे मालकाला आणि वॉर्ड ऑफिसला आधीच विचारा. शेजाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा याच पाण्यावरून येते.

विजेचं कनेक्शन व्यावसायिक हवं. प्रेशर वॉशर दीड-दोन किलोवॉट ओढतो. साध्या घरगुती एक्स्टेंशनवर तो चालवलात तर वायर तापते.

सावधान: ओल्या फरशीवर वीज वापरायची असेल तर गळती होताच वीज तोडणारा स्विच, ज्याला आपल्याकडे ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात, तो बसवल्याशिवाय पहिली गाडी धुवू नका. या एका बाबतीत उद्या-परवा करू नका.

घरपोच काम करणार असाल तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये सेक्रेटरींची परवानगी आधी घ्या. बेसमेंटमधला प्लग बहुधा सोसायटीच्या सामाईक मीटरवर असतो. न विचारता लावलात तर वॉचमन अर्ध्या कामात वीज बंद करतो आणि गिऱ्हाईक आपल्यामुळे अडचणीत येतं.

सिरॅमिक कोटिंगचं, म्हणजे पॉलिशनंतर रंगावर लावायच्या संरक्षक थराचं काम मात्र घरपोच घेऊ नका. त्याला छप्पर, सावली आणि धूळ नसलेली जागा लागते. पुनावळे, वाकड, हिंजवडीसारख्या बांधकामांच्या पट्ट्यात तर उघड्यावर ते जमणारच नाही.

टप्पा ५: तासाचा दर काढा

आता वही उघडा. महिन्याचा खर्च एका खाली एक लिहा. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही भरा. दोन माणसांचं छोटं दुकान धरलं आहे, तुम्ही आणि एक हेल्पर:

भाडं: १८,०००
हेल्परचा पगार: १५,०००
वीज-पाणी: ४,०००
फोन, जाहिरात: ३,०००
मशीनची झीज: ४,२०० (दीड लाखाचं सामान तीन वर्षांत संपतं असं धरून)
किरकोळ: १,८००
तुमचा स्वतःचा पगार: ३०,०००

बेरीज ७६,०००.

शेवटची ओळ बघा. बहुतेक जण ती लिहीतच नाहीत. "उरेल ते माझं" असं म्हणतात, आणि मग उरत काही नाही. तुम्ही हेल्परपेक्षा जास्त काम करता, तुमचा पगार हा खर्चच आहे. नफा त्याच्यानंतर येतो.

आता तास. दोन माणसं, रोज आठ तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ४१६ तास. पण हे सगळे विकले जात नाहीत. मंगळवारी दुपारी गाडीच नसते, पाऊस येतो, सामान आणायला जावं लागतं, गिऱ्हाईक दोन तास उशिरा येतं. नव्या दुकानाचे निम्म्याहून थोडे जास्त तास विकले गेले तरी ठीक म्हणायचं. आपण २२० धरू.

७६,००० ला २२० ने भागलं की जवळपास ३४५ येतात. एका माणसाचा एक तास विकण्यासाठी दुकानाला पडलेली ही किंमत.

आता तीच एर्टिगा परत घ्या. साडेसहा तास गुणिले ३४५, म्हणजे सुमारे २,२४०. केमिकल आणि कपड्यांची झीज २५०. झाले २,४९०. त्यावर १५ टक्के नफा धरला की २,८६० च्या आसपास. बोर्डावर २,८५० लिहा. हेच काम मी १,५०० ला दिलं होतं, तेव्हा गाळा नव्हता म्हणून झळ लगेच लागली नाही. गाळा घेऊन त्याच दराने चालू ठेवलं असतं तर दर एर्टिगामागे हजार रुपये खिशातून गेले असते.

पॉलिश आणि सिरॅमिक कोटिंगचा हिशोबही तसाच. सेडानला धुण्यापासून कोटिंग बसेपर्यंत २२ तास लागले असतील तर ७,५९०, कोटिंगची बाटली समजा ३,५००, पॅड आणि कंपाउंड (जास्त घासणारं पॉलिश) ९००. एकूण ११,९९०. इथे नफा २० टक्के धरा, कारण एखाद्या पॅनेलवर काम परत करावं लागतं आणि त्याचे पैसे कुणी देत नाही. दर १४,४०० च्या आसपास येतो.

आकडा बाजारापेक्षा जास्त आला तर लगेच दर पाडू नका. आधी वहीत बघा वेळ कुठे जातो. सामान ट्रॉलीवर कायम मांडून ठेवलं की प्रत्येक गाडीमागे वीस मिनिटं वाचतात. तरीही जमत नसेल तर कामाचा आवाका कमी करून वेगळं, छोटं पॅकेज करा. पूर्ण काम आणि अर्धा दर, हे मात्र कधीच नाही.

तपासणी: दरात पेट्रोल धरलं का? घरपोच कामात जाण्या-येण्याचा वेळही तासांत मोजला का? नसेल तर आकडा चुकला आहे.

टप्पा ६: रेटकार्ड

गाडीचे चार गट पुरतात: हॅचबॅक, सेडान, छोटी एसयूव्ही, मोठी एसयूव्ही व सात सीटच्या गाड्या. पॅकेज तीनपेक्षा जास्त ठेवू नका, गिऱ्हाईक गोंधळतं आणि सगळ्यात स्वस्त उचलतं. प्रत्येक पॅकेजखाली काय होणार हे लिहा आणि काय होणार नाही हेही लिहा.

कुत्र्याचे केस, उलटी, सांडलेलं दूध, सीटवरचा जुना चहा, सिमेंटचे शिंतोडे यांचे जादा पैसे कार्डावर आधीच छापा. काम झाल्यावर मागितलेले जादा पैसे भांडण आणतात, आधी छापलेले आणत नाहीत. पॉलिशचा दर "पासून पुढे" असा लिहा आणि पक्का आकडा गाडी बघूनच द्या. फोनवर कुणी "दादा, क्रेटाचं पॉलिश किती?" विचारलं तर रेंज सांगा आणि गाडी दाखवायला बोलवा. फोनवर दिलेला आकडा गिऱ्हाईक विसरत नाही.

कोटिंगबद्दल जे खरं तेवढंच बोला. ९एच हा पेन्सिलच्या कडकपणाच्या चाचणीतला आकडा आहे. त्याचा अर्थ दगड लागून टवका उडणार नाही असा होत नाही. किल्लीचा ओरखडा, गेटचा घासा कोटिंग अडवत नाही. गाडी धुणं सोपं होतं, चमक टिकते, एवढं प्रामाणिकपणे सांगितलं तरी गिऱ्हाईक घेतं.

टप्पा ७: गाडी ताब्यात घेताना

किल्ली हातात घेण्याआधी मालकाला सोबत घेऊन गाडीभोवती एक फेरी मारा. मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा: चारी बाजू, चाकं, काच, आणि आत डॅशबोर्डवर पेटलेले दिवे, किलोमीटर. जुना टवका दिसला की तिथेच बोट ठेवून दाखवा. दहा मिनिटं जातात, पण "हा ओरखडा तुमच्याकडेच आला" हे वाक्य पुन्हा ऐकावं लागत नाही.

मौल्यवान वस्तू, आरसी बुक, टोलच्या पावत्या मालकालाच काढायला सांगा. डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्ती, आरशाला बांधलेलं लिंबू-मिरची, बॉनेटवरचं स्वस्तिक यांना न विचारता हात लावू नका. मूर्ती त्यांच्याच हाताने उचलू द्या. मूर्तीखालचा जुना चिकट टेप काढायचा का हेही विचारा, कारण तो निघताना खाली फिकट-गडद चौकोन दिसतो.

पॉलिशचं काम असेल तर रंगाची जाडी मोजण्याच्या मीटरने प्रत्येक पॅनेलवर जाडी मोजा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १४० मायक्रॉनच्या आसपास असतो. एखाद्या दरवाजावर २०० च्या वर आकडा आला तर तो पुन्हा रंगवलेला आहे, आणि त्याहून बराच वर गेला तर खाली पुट्टी असणार. आकडा फार कमी आला तर तिथे कंपाउंड लावू नका, नाही म्हणा.

टप्पा ८: कामाचा क्रम

बाहेरचं काम: आधी चाकं, मग प्रेशरने धूळ उडवणं, मग फोम, मग दोन बादल्यांनी (एकीत शॅम्पू, दुसरीत मिट खंगाळायला साधं पाणी) धुणं, वरून खाली. त्यानंतर आयर्न रिमूव्हर. भोसरी एमआयडीसीत कंपनीच्या पार्किंगमध्ये रोज उभी राहणारी पांढरी गाडी घ्या आणि फवारा मारून बघा. दोन मिनिटांत मागच्या दारावरून जांभळे ओघळ उतरायला लागतात. रंगात रुतलेले लोखंडाचे कण विरघळत असतात ते. मालकाला हे दाखवा. क्ले बारचे वेगळे पैसे का आहेत हे मग समजावून सांगावं लागत नाही. रिमूव्हर उन्हात किंवा गरम पॅनेलवर मारू नका आणि सुकू देऊ नका.

नंतर क्ले, सुकवणं, कडांना मास्किंग टेप. पॉलिश सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन घ्या आणि सगळ्यात मऊ पॅड, सगळ्यात सौम्य पॉलिशने सुरुवात करा. काम झालं नाही तरच एक पायरी वर जा. ज्या जोडीने चौकोन साफ झाला तीच पूर्ण गाडीवर वापरा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या मिश्रणाने पुसून उजेडात बघा, कारण पॉलिशमधलं तेल ओरखडे झाकून ठेवतं. हे न करता कोटिंग लावलं तर पहिल्या-दुसऱ्या धुण्यानंतर ओरखडे परत दिसतात. कोटिंगनंतर गाडी निदान २४ तास कोरडी ठेवा, आणि आठवडाभर शॅम्पूने धुवू नका असं लिहून द्या.

आतलं काम: वरून खाली. आधी हवा आणि व्हॅक्यूम, मग छत, मग डॅशबोर्ड, सीट, शेवटी कार्पेट. छताला पाणी कमीत कमी, फवारा कपड्यावर मारा, छतावर नाही. छताचा कपडा चिकटवलेला असतो, ओला झाला की लोंबतो.

सावधान: सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले की तिथे पाणी आणि ओढाताण दोन्ही बंद. ती एअरबॅगची वायरिंग असते.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात एक घोळ हमखास होतो. पूजेची हळद सीटवर किंवा दाराच्या पॅनेलवर सांडलेली असते. मुलगा त्यावर कडक ऑल पर्पज क्लीनर मारतो आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लालसर होतो. अल्कधर्मी केमिकलने हळद लाल होतेच. घाबरून आणखी घासू नका. न्यूट्रल शॅम्पूच्या पाण्याने टिपून घ्या आणि गाडी दारं उघडून उन्हात लावा. हळदीचा रंग उन्हाने उतरतो.

तपासणी: सीट आणि कार्पेट हाताला पूर्ण कोरडे लागल्याशिवाय गाडी देऊ नका. पावसाळ्यात पंखा लावूनही पूर्ण रात्र लागू शकते. ओली दिलेली गाडी दोन दिवसांनी कुबट वास घेऊन परत येते.

टप्पा ९: कागद

उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे नोंद, सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. शॉप अॅक्टसाठी दोन-चार माणसांच्या दुकानाला ऑनलाइन सूचना देऊन मिळणारी पावती पुरते. चालू खातं उघडताना बँक बहुधा दोन्ही मागते. मुद्रा कर्जात शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत रक्कम मिळते. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष शिशु गटाच्या वर जाऊ नका.

सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. म्हणजे महिन्याला सरासरी १,६६,००० च्या पुढे. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावता येत नाही. नोंदणी झाली की २,८५० वर १८ टक्के, म्हणजे ५१३ रुपये वाढतात. बोर्डावर "जीएसटी वेगळा" हे त्याच दिवशी लिहा. ते विसरलं तर तो कर तुमच्या नफ्यातून जातो.

टप्पा १०: पैसे घेणं आणि दर बदलणं

पाच हजारांवरच्या कामाला निम्मे आगाऊ घ्या, निदान कोटिंगच्या बाटलीची किंमत तरी. बाकी गाडी देताना, उजेडात दाखवून झाल्यावर, किल्ली देण्याआधी. उधारी ठेवायची नाही, ओळखीच्यांना तर नाहीच.

"भाऊ, थोडं कमी करा की" याचं उत्तर आधीच ठरवून ठेवा. आकडा कमी करण्यापेक्षा काम कमी करा: "साहेब, डिकी आणि छत वगळलं तर एवढ्यात बसतं." निम्मे लोक पूर्ण कामच घेतात. जे घेत नाहीत त्यांची गाडी तेवढ्याच वेळात करून द्या, मनाने जादा काही करू नका.

जून ते सप्टेंबर बाहेरचं काम पडतं. पावसात रोज मळणाऱ्या गाडीला पॉलिश कोण करणार? तेव्हा आतली साफसफाई, बुरशी, वास यांची कामं पुढे करा. दसरा-दिवाळीला गर्दी होते, त्या कमाईतले दोन महिन्यांचं भाडं वेगळ्या खात्यात टाका.

दर तीन महिन्यांनी वही आणि बँकेचं खातं शेजारी ठेवून टप्पा ५ पुन्हा करा. प्रत्यक्षात किती तास विकले गेले ते मोजा. २२० धरले होते आणि १७० च गेले असतील तर तासाचा दर ३४५ नाही, जवळपास ४४७ पडतो आहे, आणि बोर्डावरची २,८५० ची एर्टिगा तोट्यातली आहे. नवा दर पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून लावा, नेहमीच्या गिऱ्हाइकांना आठवडाभर आधी मेसेज करा, आणि जुन्या दराने आधी घेतलेली बुकिंग जुन्याच दराने पूर्ण करा.